श्रेय कोणाचे? आव्हान देणारा आणि आव्हान स्वीकारणारा

१

मुष्टियुद्धाच्या इतिहासात एक वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. २६ डिसेंबर १९०८ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात टॉमी बर्न्स हा गोरा जगज्जेता जॅक जॉन्सन या काळ्या मुष्टियोद्ध्यासमोर उभा राहिला. हेवीवेट म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटाचे जगज्जेतेपद त्या दिवसापर्यंत एकाही काळ्या माणसाला मिळाले नव्हते. मिळू दिले नव्हते, असे म्हणणे अधिक खरे. बर्न्सच्या आधीच्या जगज्जेत्यांनी काळ्या आव्हानवीराशी विजेतेपदासाठी लढणेच नाकारले होते. बर्न्सने नकार दिला नाही. तो लढला आणि हरला. मग या लढतीचे श्रेय बर्न्सला द्यावे की देऊ नये?

एक पक्ष म्हणतो, द्यावे. समोरचा माणूस आपल्यापेक्षा उंच आहे, बलवान आहे, आपले पद घालवू शकतो, हे माहीत असून जो उभा राहतो तो धैर्यवान नव्हे काय? दुसरा पक्ष म्हणतो, कसले धैर्य? जॉन्सन त्याच्या मागे देशोदेशी फिरत होता. बर्न्सने चांगली किंमत मिळेपर्यंत वाट पाहिली आणि मग आपला पराभव विकला.

हा वाद दूरच्या देशातला, त्यातही खेळाच्या मैदानावरचा. त्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. काळ्यांच्या कवितेशी आणि त्यांच्या चळवळीशी आपण नाते जोडले. त्यांच्या खेळाडूंच्या इतिहासाकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. वास्तविक, ज्यांना शाळा, सभागृह आणि मतपेटी यांची दारे बंद होती त्यांची प्रस्थापितांशी पहिली उघड झुंज पुष्कळदा खेळाच्या मैदानावरच झाली आहे. आपल्या महाराष्ट्रातही झाली. जॉन्सनचा जन्म १८७८ चा आणि आपल्या पालवणकर बाळूंचा १८७६ चा. दोघे एकाच काळाची लेकरे. एकाने ठोसे मारले, दुसऱ्याने डावखुरी फिरकी टाकली. दोघांच्याही बाबतीत इतिहास लिहिणाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला : त्यांना संधी देणाऱ्यांचे श्रेय किती? या प्रश्नाची मांडणीच तपासून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम बर्न्सचे प्रकरण पाहू. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

जॉन सुलिव्हन हा १८९२ पर्यंत हेवीवेटचा जगज्जेता होता. काळ्या माणसाशी आपण लढणार नाही, असे त्याने उघडपणे जाहीर केले होते. त्या काळी पीटर जॅक्सन हा काळा मुष्टियोद्धा ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत आला होता. त्याची सुलिव्हनशी गाठ कधीच पडू दिली गेली नाही. जेम्स कॉर्बेट मात्र १८९१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जॅक्सनशी लढला. ती लढत ६१ फेऱ्या चालली आणि निकाल न लागताच थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी कॉर्बेटने सुलिव्हनला हरवून जगज्जेतेपद मिळवले. त्यानंतर कॉर्बेट आणि जॅक्सन यांची विजेतेपदासाठी लढत झाली नाही. पुढे काही वर्षांनी जगज्जेता झाला तो जेम्स जेफ्रीज. तोही पद मिळण्याआधी, १८९८ मध्ये, वय झालेल्या जॅक्सनशी लढला होता. १८९९ मध्ये पद हाती येताच त्याने काळ्यांसाठी दार लावून घेतले आणि १९०५ मध्ये अजिंक्य म्हणून निवृत्त झाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे गोरे मुष्टियोद्धे काळ्यांच्या ठोशाला भीत होते असे सरसकट म्हणता येत नाही. पद नसताना ते काळ्यांशी लढले. पद आल्यावर लढले नाहीत. म्हणजे प्रश्न एका माणसाच्या छातीचा नव्हता. शरीराला इजा झाली तर ती भरून निघते. पण काळा माणूस जगातला सर्वांत बलवान माणूस ठरला तर गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाची सबंध कथाच कोसळते. पद हे त्या कथेचे कुलूप होते आणि जगज्जेत्याला त्याची किल्ली सांभाळण्यासाठी नेमले होते.

बर्न्सने १९०६ च्या फेब्रुवारीत पद मिळवले. जॉन्सन त्याच्या मागे इंग्लंडला गेला, तेथून ऑस्ट्रेलियाला गेला. अखेर ह्यू मॅकिन्टॉश या आयोजकाने पैसा उभा केला. बर्न्सला सुमारे ३० हजार डॉलर आणि जॉन्सनला सुमारे ५ हजार. म्हणजे जिंकणाऱ्याला हरणाऱ्याच्या सहावा हिस्सा, आणि तोही लढतीपूर्वीच ठरलेला. पंच म्हणून खुद्द आयोजकच उभा राहिला. चौदाव्या फेरीत बर्न्सची अवस्था पाहून पोलिसांनी लढत थांबवली आणि चित्रीकरण करणारे कॅमेरेही त्याच वेळी थांबवण्यात आले. काळ्या माणसाच्या हातून गोरा जगज्जेता कोसळताना जगाला दिसू नये, ही व्यवस्था शेवटच्या क्षणापर्यंत जागी होती.

आता बर्न्सला श्रेय किती द्यायचे? मी म्हणतो, काही द्यावे. सुलिव्हन आणि जेफ्रीज यांनी जे केले नाही ते त्याने केले. इतिहासकाराने ही नोंद पुसू नये. परंतु ती नोंद करताना तीन प्रश्न सोबत विचारले पाहिजेत. त्याला नकार देण्याचा अधिकार कोणी दिला होता? होकाराची त्याने काय किंमत घेतली? आणि त्याच्या होकाराने पुढच्यासाठी दार उघडे राहिले काय? या तीन प्रश्नांशिवाय दिलेले श्रेय हे श्रेय नसून मालकाला केलेला मुजरा आहे.

३

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण तो जॉन्सनलाही सोडत नाही.

१९०८ ते १९१५ अशी सात वर्षे जॉन्सन जगज्जेता होता. त्या काळात सॅम लँगफर्ड, जो जेनेट आणि सॅम मॅकव्ही हे तिघे काळे मुष्टियोद्धे त्याच्या तोडीचे समजले जात. पद मिळण्यापूर्वी जॉन्सन या तिघांशीही लढला होता. पद मिळाल्यावर एकाशीही लढला नाही. सात वर्षांत त्याने फक्त एका काळ्या प्रतिस्पर्ध्याला विजेतेपदाची लढत दिली. तो म्हणजे बॅटलिंग जिम जॉन्सन, १९१३ च्या डिसेंबरात, पॅरिसमध्ये. एरवी त्याने गोऱ्यांशीच लढती केल्या, कारण पैसा तेथे होता. काळ्याला हरवणारा गोरा पाहण्यासाठी लोक तिकीट काढत. दोन काळे लढताना पाहण्यासाठी काढत नसत. निवृत्त जेफ्रीजला लोकांनी आग्रहाने परत आणले आणि ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॉन्सनने त्यालाही हरवले. त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत काळ्यांवर हल्ले झाले, माणसे मेली. असे असूनही लँगफर्डच्या वाट्याला जगज्जेतेपदाची लढत आयुष्यात आली नाही. ज्या दारावर जॉन्सनने इतकी वर्षे धडका मारल्या त्याच दाराच्या आत गेल्यावर त्याने कडी लावून घेतली.

हे सांगितले की आमचे काही मित्र अस्वस्थ होतात. आपल्या नायकाविषयी असे का लिहिता, म्हणतात. पण सत्य असे आहे की कुलूप वाईट असेल तर किल्ली आपल्या माणसाच्या हाती आल्याने ते चांगले होत नाही. जॉन्सनवर गोऱ्या समाजाने सूड उगवला. १९१३ मध्ये त्याला एका कायद्याखाली दोषी ठरवण्यात आले. त्याचा खरा गुन्हा गोऱ्या स्त्रियांशी उघडपणे संबंध ठेवणे हा होता. १९४६ मध्ये तो मरण पावला आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला मरणोत्तर माफी ‘दिली’. देणाऱ्याचे श्रेय तेथेही वर्तमानपत्रांत छापून आले.

जॉन्सननंतर २२ वर्षे एकाही काळ्याला पदाच्या लढतीत उभे राहू दिले नाही. हॅरी विल्स हा काळा मुष्टियोद्धा वर्षानुवर्षे जॅक डेम्प्सीला आव्हान देत राहिला. डेम्प्सी १९१९ ते १९२६ जगज्जेता होता. ती लढत झालीच नाही. अखेर २२ जून १९३७ रोजी जेम्स ब्रॅडॉकने जो लुईला संधी दिली आणि लुई जगज्जेता झाला. ब्रॅडॉकची किंमत बर्न्सपेक्षा चतुराईची होती. लुईच्या लढतींवर आयोजकाला पुढील दहा वर्षे जो नफा होईल त्याचा दहावा हिस्सा त्याने करारात लिहून घेतला होता. दार उघडणाऱ्याने दाराचे भाडे दहा वर्षे घेतले. १९३७ हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

४

आता आपल्या घराकडे वळू.

पालवणकर बाळूंचे घराणे चांभार समाजातले. आडनाव कोकणातील पालवण गावावरून आले, जन्म धारवाडचा. वडील लष्कराच्या सेवेत असल्याने मुले पुण्याच्या छावणीत वाढली. बाळूंनी आधी पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचे काम केले. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पुणे क्लबात चार रुपयांवर लागले. तेथे खेळपट्टीची निगा राखायची, जाळी बांधायची आणि सरावाच्या वेळी साहेबांना चेंडू टाकायचा, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते.

कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या वेळचा युरोपियनांचा सर्वांत मोठा फलंदाज. तो रोज लवकर येई आणि तासन्‌तास बाळूंची गोलंदाजी खेळे. आपल्याला बाद केल्यास तो दरवेळी आठ आणे देई, असे सांगितले जाते. ही गोष्ट ग्रेगच्या औदार्याची म्हणून सांगतात. मला ती वेगळी वाटते. जाळीत बाळूंच्या चेंडूला सामोरे जाण्यात ग्रेगचे काय जात होते? तेथे धावफलक नव्हता, पंच नव्हता, वर्तमानपत्राचा बातमीदार नव्हता. आठ आणे गेले की पराभव फिटत होता. आणि त्याच क्लबात बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. बॅट ही साहेबाची, चेंडू टाकणे हे राबणाऱ्याचे काम. कॉर्बेटने पद नसताना जॅक्सनला झुंज दिली, ग्रेगने जाळीत बाळूंना झुंज दिली. दोन्ही ठिकाणी धोका होता, पण प्रतिष्ठा पणाला लागली नव्हती.

बाळूंची कीर्ती पुण्याच्या हिंदूंच्या कानावर गेली. त्यांना युरोपियनांना हरवायचे होते. येथे पेच उभा राहिला : साहेबाला हरवायचे तर बाळू पाहिजे, आणि बाळू पाहिजे तर अस्पृश्याला संघात घेतले पाहिजे. पुष्कळ चर्चेअंती बाळूंना घेतले. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरत होता. चेंडूला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे. हात-तोंड धुवायचे तर पाणी घालायला अस्पृश्य नोकर. ज्या बोटांनी गडी बाद केला त्या बोटांनी कपाला स्पर्श करायचा नाही, हा पुण्याच्या क्रिकेटचा अलिखित नियम होता.

‘हिंदूंनी बाळूला संधी दिली’ असे वाक्य क्रिकेटवर लिहिणाऱ्यांच्या लेखणीतून सहज उतरते. या वाक्यातला कर्ता कोण आणि कर्म कोण, ते पाहा. बाळूंचा डावा हात हिंदूंना हवा होता. तो हात घेताना त्यांनी बाकीचा माणूस बाहेर ठेवला. ज्याची गरज आहे त्याने गरज भागवली तर तो सौदा होतो, औदार्य होत नाही.

५

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळणे असा त्यांचा क्रम सुरू झाला. जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशाला विरोध झाला; काही सभासदांनी आग्रह धरला म्हणून ते आत आले. या सभासदांचे श्रेय मी नाकारत नाही. व्यवस्थेच्या आत उभे राहून तिच्याविरुद्ध बोलणारा माणूस नेहमीच थोडे काही गमावतो.

१९०६ साली हिंदूंनी पारशांना सामन्याचे आव्हान दिले. पारशांनी ते स्वीकारले नाही. तेव्हा बॉम्बे जिमखान्याचे युरोपियन पुढे आले. ते राज्यकर्ते होते. नाही म्हटले असते तर कोणी जाब विचारणार नव्हते. त्यांनी होकार दिला आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी त्यांना शंभराहून अधिक धावांनी हरवले. बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम या दोघांचा त्या विजयात मोठा वाटा होता. ‘साहेबांनी खिलाडूपणे आव्हान स्वीकारले’ असे म्हणणारे तेव्हाही होते. पण साहेबांनी कोणाचे आव्हान स्वीकारले? हिंदू जिमखान्याचे. आणि हिंदू जिमखान्याने स्वतःच्या घरातल्या आव्हानवीराचे काय केले?

या प्रश्नाचे उत्तर कर्णधारपदाच्या इतिहासात मिळते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ पुष्कळ सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत, तेही सरासरी १५ धावांना एक. एवढी कामगिरी असलेला ज्येष्ठ खेळाडू संघात असताना हिंदूंचे कर्णधारपद वर्षामागून वर्षे उच्चवर्णीयांकडे राहिले. एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा त्यांच्या ज्ञातीने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराला उत्तर देताना पै यांनी हा मान खरे म्हणजे बाळूंचा होता, असे सांगितले. प्रामाणिक माणूस. परंतु पद त्यांनी घेतलेच. सत्य बोलणे आणि खुर्ची सोडणे यांत जे अंतर आहे तेवढेच अंतर त्या श्रेयातून वजा करावे लागते.

१९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूंना वगळले आणि पै आजारी असताना कर्णधारपद विठ्ठल किंवा शिवराम यांच्याकडे न देता दुसऱ्याकडे दिले. तेव्हा पालवणकर बंधूंनी वेगळाच डाव टाकला. विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि जातीमुळे आपल्याला डावलले जाते असे त्यांनी जाहीर निवेदन काढले. अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली. बाळू उपकर्णधार म्हणून संघात आले, बंधू परतले, आणि सामन्यात पै काही वेळ मैदान सोडून गेले, त्या वेळात बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. आयुष्यभराच्या खेळानंतर वाट्याला आलेले हे काही तासांचे नेतृत्व. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. तेव्हा सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले.

१९२३ चे श्रेय कोणाचे? पुस्तके सांगतात, बदललेल्या वातावरणाचे, अस्पृश्यतानिवारणाच्या प्रचाराचे, जिमखान्याच्या उदार धोरणाचे. या सर्वांचा काही ना काही वाटा असेल. पण मुख्य श्रेय १९२० च्या नकाराचे आहे. त्याआधी नकार देण्याचा अधिकार फक्त एका बाजूकडे होता. ‘आम्ही घेणार नाही’ असे जिमखाना म्हणू शके. ‘आम्ही खेळणार नाही’ असे पालवणकर बंधूंनी म्हटले त्या दिवशी तराजूची दुसरी पारडी प्रथमच हलली.

६

हा विषय मला पुस्तकातून सुचला नाही. मी एडवणचा. सफाळे स्टेशनवरून किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या शेवटी आमचे गाव. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबत. घरात पदवी घेतलेला पहिला मी. आमच्या वाड्यातल्या पोरांचा क्रिकेटचा संघ होता. किनाऱ्यावरच्या एका गावी दरवर्षी मोठे सामने भरत. दोन वर्षे आमची प्रवेश फी घेतली नाही. ‘संघ पुरे झाले’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या वर्षी त्यांच्यातल्या दोन जणांनी येऊन आमचा एक गोलंदाज मागितला, त्यांच्या संघासाठी. संघ नको, हात पाहिजे. आमचा मित्र गेला नाही. पुढे आम्ही इतर ठिकाणी बक्षिसे घेतली तेव्हा त्या सामन्यांत आम्हांला प्रवेश मिळाला आणि बक्षीस समारंभात पाहुण्यांनी आयोजकांच्या मोठ्या मनाचे कौतुक केले. आमच्या खेळाविषयी ते एकही शब्द बोलले नाहीत.

बाळूंचे चरित्र वाचताना मला तो समारंभ आठवतो, आणि त्याच वेळी आजची आपली भाषाही. राखीव जागेवर निवडून आलेल्या प्राध्यापकाविषयी ‘त्याला संधी दिली’ असेच बोलतात. ‘देणे’ हे क्रियापद फार मोठे काम करते. ते घेणाऱ्याची पात्रता झाकते आणि देणाऱ्याने इतकी वर्षे अडवून धरले होते, ही गोष्टही झाकते. माझे विद्यार्थी बहुतेक पहिल्या पिढीचे. पालघर, डहाणू, तलासरीकडचे वारली आणि कोकणा, किनाऱ्याचे मांगेला आणि कोळी, वाड्यावस्त्यांवरचे बौद्ध. अमेरिकेचा इतिहास शिकवताना बर्न्सचा प्रश्न मी त्यांना घातला. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, ‘सर, जॉन्सनला आधी पाच वर्षे लढू दिले असते तर तो पाच वर्षे आधी जिंकला असता ना? मग त्या पाच वर्षांचा हिशोब कोण देणार?’ श्रेयाच्या चर्चेत विलंबाचा हिशोब मांडायचा असतो, हे तिने एका वाक्यात सांगितले. लँगफर्डची उमेद, विल्सची वर्षे, बाळूंचे कर्णधारपद ही सारी त्या हिशोबातली थकबाकी आहे.

७

आता १९३७ कडे येऊ. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत मुंबई विधानसभेच्या निवडणुका झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईतून राखीव जागेसाठी उभे होते. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला तो पालवणकर बाळू. बाळू हे एकेकाळी अस्पृश्य तरुणांचे आदरस्थान. त्यांची कीर्ती घराघरांत होती. १९३२ च्या पुणे करारावर या दोघांच्याही सह्या आहेत. काँग्रेसने हा उमेदवार विचारपूर्वक निवडला होता. निकाल लागला तेव्हा बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. अंतर केवळ दोन हजार वीस. म्हणजे आव्हान खरोखरच धोक्याचे होते.

बर्न्सचा प्रश्न येथे लावून पाहा. बाबासाहेबांनी बाळूंचे आव्हान स्वीकारले याचे श्रेय त्यांना द्यावे काय? प्रश्न विचारताच तो निरर्थक आहे हे कळते. स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार बाबासाहेबांना नव्हताच. बाळूंनी अर्ज भरला, अनामत भरली, ते उभे राहिले. बाबासाहेबांसारख्या नेत्याची परवानगी लागली नाही, शिफारस लागली नाही, त्यांना किंमत मोजावी लागली नाही. ज्या बाळूंना हिंदू जिमखान्याने तपानुतपे दारात ताटकळत ठेवले त्यांनाच मतपेटीच्या दारात कोणी ताटकळत ठेवू शकले नाही. तो मताधिकार अपुरा होता. मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींनी बहुसंख्य माणसे त्याबाहेर होती. बाळूंना उभे करणाऱ्यांचे हेतूही वेगळे होते. तरीही नियम बदलला होता. आणि तो बदलण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्याच माणसाला त्या नियमाखाली आपली जागा पणाला लावावी लागली. बाबासाहेबांचे मोठेपण एका प्रतिस्पर्ध्याला सामोरे जाण्यात शोधू नये. कोणालाही सामोरे जाणे भाग पडेल अशी व्यवस्था मागण्यात आणि मिळवण्यात ते आहे.

त्याच वर्षी, चारच महिन्यांनी, शिकागोत ब्रॅडॉकने लुईकडून दहा वर्षांचे भाडे लिहून घेतले. एकाच वर्षातल्या या दोन घटना शेजारी ठेवल्या की खिलाडूपणा आणि हक्क यांतला फरक स्पष्ट होतो. जेथे पदाचा मालक नकार देऊ शकतो तेथे त्याचा होकार हा उपकार म्हणून मिरवला जातो. जेथे नियमाने त्याला उभे राहावेच लागते तेथे उपकाराला जागा उरत नाही; उरतो तो फक्त खेळ.

८

हा निष्कर्ष आपल्यावरही लागू करायला हवा. जॉन्सनची कडी आपल्या चळवळीतही वाजते. आपल्यापैकी काहींच्या हाती आज विद्यापीठांची मंडळे, साहित्य संस्थांची व्यासपीठे, संपादकांची टेबले, पक्षांची तिकिटे आली आहेत. त्या दारांशी आता आपल्यातल्याच मागे राहिलेल्या जाती, आदिवासी तरुण आणि आपल्याच घरातल्या स्त्रिया उभ्या आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांची नोंद करावी लागली. त्या शीर्षकातील ‘ही’ हे अव्यय आपल्यालाच उद्देशून आहे. ‘आम्ही स्त्रियांना संधी देतो’ असे एखादा कार्यकर्ता अभिमानाने म्हणतो तेव्हा तो बर्न्सच्या जागी उभा असतो. फार तर ग्रेगच्या.

म्हणून इतिहास शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘अमुक संस्थेने तमुक दलिताला प्रवेश दिला’ असे वाक्य समोर आले की तेथे थांबावे. दार आधी कोणी लावले होते, ते किती वर्षे बंद होते, उघडण्याची किंमत कोणी वसूल केली आणि आत गेलेल्यामागून दुसरा कोणी आत जाऊ शकला काय, हे तपासावे. एवढे तपासल्यावर दार उघडणाऱ्याच्या पदरात जे श्रेय उरेल ते त्याला मोकळ्या मनाने द्यावे. बर्न्सला द्यावे, जिमखान्यात आग्रह धरणाऱ्या सभासदांना द्यावे, पै यांना त्यांच्या खऱ्या बोलण्याचे द्यावे. त्यात कंजुषी करण्याचे कारण नाही, कारण बाकीचा फार मोठा हिस्सा दाराबाहेर उभे राहून धडक मारणाऱ्यांचा आहे, आणि तो आजवर त्यांच्या खात्यावर जमा झालेला नाही.